मूळ नाव, ब्रँडचे नाव आणि एक वाढलेला टीएसएच: एका ओपीडीतील प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

चौदा डॉक्टर, स्वतःची फार्मसी आणि दोन फार्मासिस्ट असलेल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाच्या ओपीडीतले हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून ठिकाण आणि रुग्णाचे काही तपशील वगळले आहेत.

हाताने चिठ्ठी लिहिणे बंद होऊन तिथे संगणक आला. त्याच सुमारास औषध समितीने आदेश काढला की यापुढे औषध मूळ नावाने, म्हणजे जेनेरिक नावाने लिहायचे. जागतिक आरोग्य संघटना अशा नावांच्या याद्या १९५३ पासून प्रसिद्ध करते. या नावांच्या शेपटीवरून औषधाचा गट कळतो: '-ओलॉल' असेल तर बीटा ब्लॉकर, '-प्रिल' असेल तर एसीई रोधक (दोन्ही रक्तदाबाच्या औषधांचे गट), '-सार्टन', '-स्टॅटिन', '-प्राझोल' वगैरे. ब्रँडच्या नावातून असे काहीच कळत नाही, आणि दोन वेगळ्या औषधांच्या ब्रँडची नावे सारखी वाटून घोटाळे होतात ते निराळेच.

पुढचे समजण्यासाठी तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. ज्या कंपनीने औषध शोधून पेटंट घेतले तिचा तो मूळ ब्रँड. पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपनीने तेच औषध स्वतःचे नाव देऊन विकले तर ते ब्रँडेड जेनेरिक. आणि फक्त मूळ नावावर विकले जाते ते साधे जेनेरिक. डॉक्टर 'मी ब्रँडच लिहितो' म्हणतात तेव्हा पुष्कळदा ते दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलत असतात. म्हणजे ते जेनेरिकच लिहीत असतात, फक्त एका ठरावीक कंपनीचे. समितीच्या आदेशात हा फरक कुठेच नव्हता, आणि पुढच्या बऱ्याच गोंधळाचे मूळ तिथेच होते.

अडचण

आदेश निघाला, पण चिठ्ठ्या फारशा बदलल्या नाहीत. संगणकाच्या पडद्यावर 'बदलून देऊ नये' असा एक चौकोन होता. त्यात खूण केली की ब्रँड तसाच फार्मसीत जाई. पहिल्या महिन्यात बहुतेक डॉक्टरांनी तो क्वचित वापरला. चौथ्या महिन्यात तो जवळजवळ प्रत्येक विभागात सर्रास दिसू लागला. मधल्या काळात एक रुग्ण आली होती.

वय ५२, स्त्री. थायरॉइड कमी असल्याने लेव्होथायरॉक्सिन १०० मायक्रोग्रॅम रोज एक गोळी. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी; औषध कमी पडले की तिचा आकडा वाढतो. चार वर्षे तो १.८ ते २.६ च्या दरम्यान. आदेशानंतर तिला मूळ ब्रँडऐवजी जेनेरिक मिळू लागले. तिसऱ्या महिन्यात टीएसएच ११.६ आला. थकवा होता, बाकी विशेष तक्रार नव्हती.

तिच्या फिजिशियननी त्या दिवशी दोन गोष्टी केल्या. रुग्णाला पुन्हा ब्रँडवर टाकण्याचे आणि डोस १२५ करण्याचे ठरवले. आणि दुपारी सहकाऱ्यांना ते आकडे सांगितले. यातल्या दुसऱ्या गोष्टीचा परिणाम फार दूरवर गेला. रक्तदाबाच्या, आम्लपित्ताच्या, मधुमेहाच्या ज्या औषधांचा लेव्होथायरॉक्सिनशी काडीचा संबंध नाही, त्यांच्याही चिठ्ठ्यांवर खुणा वाढल्या. जेनेरिकवर शेकडो रुग्ण ठीक असतात, तेव्हा त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. सांगण्यासारखे काही घडलेलेच नसते. बिघडलेला एक आकडा मात्र नावानिशी लक्षात राहतो. डॉक्टरांच्या निवडीवर असा एखादा अनुभव दहा शोधनिबंधांहून जास्त भार टाकतो. हा वैद्यकशास्त्राचा नव्हे, स्मरणशक्तीचा गुण आहे.

पहिला निर्णयाचा क्षण: डोस वाढवायचा की थांबायचे

ब्रँडवर परत जाणे आणि डोस वाढवणे एकाच वेळी केले असते, तर पुढचा टीएसएच नक्की खाली आला असता. पण तो का आला हे कधीच कळले नसते. फार्मासिस्टने फिजिशियनना विनंती केली की एका वेळी एकच गोष्ट बदलू. रुग्ण गरोदर नव्हती, हृदयविकार नव्हता, लक्षणे सौम्य होती. म्हणून थांबणे सुरक्षित होते. गरोदरपणात हा सल्ला चुकीचा ठरला असता, तिथे वाट पाहायची नसते.

मग तपासणी झाली ती या क्रमाने.

उरलेल्या गोळ्या मोजल्या. हिशोब बरोबर होता, गोळ्या चुकल्या नव्हत्या. गोळीची ताकद पाहिली. कधी कधी १०० ची गोळी संपल्यावर ५० च्या दोन दिल्या जातात आणि रुग्ण सवयीने एकच घेतो; इथे तसे नव्हते. रक्ततपासणी त्याच प्रयोगशाळेत झाली होती. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू नव्हत्या. असत्या तरी त्यांनी अनेक चाचण्यांत टीएसएच खोटा कमी दिसतो, जास्त नाही. त्यानंतर कंपनी आणि बॅच तपासली, आणि इथे पहिली अडचण सापडली. तीन महिन्यांत या रुग्णाला दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या मिळाल्या होत्या. शिवाय दुसऱ्या कंपनीचा डबा १०० गोळ्यांचा होता आणि त्यातून सुट्ट्या गोळ्या कागदी पाकिटात दिल्या गेल्या होत्या. लेव्होथायरॉक्सिन दमटपणा, उष्णता आणि उजेड यांनी खराब होते. ते सुटे देणे ही सरळ चूक होती.

शेवटी इतर औषधे. याच रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागाने दहा आठवड्यांपूर्वी कॅल्शियम कार्बोनेट सुरू केले होते. सकाळच्या गोळ्या एकदम घेऊन टाकाव्यात म्हणून ती दोन्ही बरोबरच घेत होती. कॅल्शियम आतड्यात लेव्होथायरॉक्सिनला धरून ठेवते. दोन्हींत चार तासांचे अंतर हवे. ही नोंद संगणकात होती. तिचा इशाराही पडद्यावर आला असता, पण दिवसाला इतके इशारे येत की त्या गटाचे इशारे आधीच बंद केलेले होते.

उपाय साधा ठेवला. डोस तोच, १०० मायक्रोग्रॅम. गोळी त्याच दुसऱ्या कंपनीची, पण बंद पॅकमध्ये. सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, न्याहारीआधी ३० ते ६० मिनिटे. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. लेव्होथायरॉक्सिनचे अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे असल्याने आणि टीएसएचला नवी पातळी गाठायला वेळ लागत असल्याने आठ आठवड्यांनी तपासणी. टीएसएच ३.१ आला.

याने जेनेरिक पूर्ण निर्दोष सिद्ध होते का? नाही. पाकीट आणि कॅल्शियम दोन्ही एकदम सुधारले होते, त्यामुळे कोणाचा वाटा किती हे सांगता येत नाही. मात्र तीच गोळी, तोच डोस आणि योग्य पद्धत यांवर आकडा जागेवर आला, एवढे नक्की.

फिजिशियननी हे मान्य केले. मग एक प्रश्न विचारला: 'कॅल्शियम तर कॅल्शियम. पण माझ्या पेशंटला दर महिन्याला वेगळी गोळी का मिळते, आणि मला कळतही का नाही?' या प्रश्नाला समितीकडे उत्तर नव्हते. खरे तर प्रकरणाला इथून वळण लागले.

डॉक्टर प्रत्यक्षात कशावरून निवडतात

फार्मासिस्टने चौदाही डॉक्टरांशी वेगवेगळे बोलून घेतले. सर्वांसमोर विचारले असते तर सगळ्यांनी 'दर्जा' एवढे एकच उत्तर दिले असते. एकेकट्याने विचारल्यावर उत्तरे बदलली. चिठ्ठ्या समोर ठेवून 'याच औषधाला ब्रँड का लिहिला?' असे विचारल्यावर आणखी बदलली.

सर्वांत वारंवार आलेले कारण म्हणजे काउंटरवरून काय जाईल त्याची खात्री नसणे. मूळ नाव लिहिले की कंपनी कोणती हे खरेदी विभाग ठरवतो. परिणाम बिघडला तर प्रश्न मात्र डॉक्टरला विचारला जातो. म्हणून ब्रँड लिहिणे ही गोळीतल्या औषधाबद्दलची पसंती नसते. जबाबदारी ज्याची, निवडही त्याची, असा तो हिशोब असतो. हा हिशोब चुकीचा म्हणता येणार नाही. त्याच्यापुढे 'जेनेरिक सुरक्षित आहेत' असे व्याख्यान दिले तर ते विषयाला धरून नसते.

दुसरे कारण ऐकायला क्षुल्लक आहे: नाव. ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड टाइप करायचे की पाच-सहा अक्षरांचा ब्रँड? दोन-तीन औषधांच्या एकत्र गोळ्यांना एकच मूळ नाव नसते, प्रत्येक घटक आणि त्याची मात्रा लिहावी लागते. पडद्यावर दोन अक्षरे टाइप केली की आधी ब्रँड दिसत होते, मूळ नाव तिसऱ्या ओळीवर. रांग लांब असेल तर बोट पहिल्या ओळीवरच पडणार.

तिसरे म्हणजे वारसा. तज्ज्ञाने सुरू केलेला ब्रँड पुढचे डॉक्टर वर्षानुवर्षे 'चालू ठेवा' म्हणून पुढे नेतात. शिकताना वॉर्डात जे नाव कानावर पडले तेच हाताला येते. यात कुठे निर्णय झालेलाच नसतो.

वैद्यकीय प्रतिनिधींचा परिणाम स्वतःवर होतो असे एकाही डॉक्टरने म्हटले नाही. सहकाऱ्यांवर होतो असे मात्र अनेकांना वाटत होते. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, कंपनीकडून एखादेच जेवण घेतलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतही त्या कंपनीच्या ब्रँडचे प्रमाण जास्त आढळले होते. तो संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. ज्याला तो ब्रँड आधीच आवडतो तोच त्या जेवणाला जात असेल. या ओपीडीत जास्त दिसला तो सॅम्पलचा परिणाम. पहिला आठवडा सॅम्पलवर गेला की दुसऱ्या आठवड्याच्या चिठ्ठीवर तेच नाव येते, कारण रुग्णाला त्या गोळीची सवय झालेली असते.

आणि रुग्णाची नजर. पांढऱ्या गोल गोळीऐवजी पिवळी लांबट आली की रुग्ण विचारतो, किंवा विचारत नाही आणि गोळी बंद करतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या औषधांवरचा २०१४ सालचा एक अमेरिकी अभ्यास आहे. त्यात गोळीचा रंग बदलल्यावर औषध थांबवण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी आणि आकार बदलल्यावर ६६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे डॉक्टरची भीती खरी असते, पण दोष औषधाच्या आतल्या घटकाचा नसून बाहेरच्या रूपाचा असतो.

८० ते १२५ चा गैरसमज

चौदापैकी बहुतेकांनी एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत सांगितले: 'जेनेरिकमध्ये २० टक्के कमी किंवा २५ टक्के जास्त औषध चालते.' हे तसे नाही, आणि समजून घेण्यासारखे आहे.

जेनेरिक शरीरात मूळ औषधाइतकेच शोषले जाते का, हे जैवसमतुल्यतेच्या चाचणीत पाहतात. तिच्यात निरोगी स्वयंसेवकांना, बहुधा २४ ते ३६ जणांना, मूळ औषध आणि जेनेरिक आळीपाळीने देतात. रक्तातली सर्वोच्च पातळी आणि एकूण शोषण मोजतात. दोन्ही औषधांच्या सरासरींचे गुणोत्तर काढतात. मर्यादा त्या गुणोत्तराला नसते, त्याच्या भोवतीच्या ९० टक्के विश्वास-पट्ट्याला, म्हणजे खरे गुणोत्तर ज्या आकड्यांच्या दरम्यान असण्याची बरीच खात्री आहे त्या पल्ल्याला, असते: तो पूर्ण पट्टा ८०.०० ते १२५.०० टक्क्यांच्या आत बसला पाहिजे. सरासरी ८० वर असेल तर पट्ट्याचा निम्मा भाग बाहेर जाईल आणि औषध नापास होईल. पास होण्यासाठी सरासरी १०० च्या जवळच असावी लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९६ ते २००७ मधल्या २,०७० चाचण्यांचा हिशोब मांडला तेव्हा सरासरी फरक सर्वोच्च पातळीत ४.३५ टक्के आणि एकूण शोषणात ३.५६ टक्के निघाला. गोळीत औषध किती भरले आहे याच्याशी तर या आकड्यांचा संबंधच नाही. त्याची मर्यादा वेगळी आणि जास्त घट्ट असते. लेव्होथायरॉक्सिनसाठी अमेरिकेने २००७ मध्ये ती ९५ ते १०५ टक्के केली, तीही मुदत संपेपर्यंत. चिंचोळ्या सुरक्षित मर्यादेच्या, म्हणजे मात्रा थोडी चुकली तरी अपाय होऊ शकतो अशा औषधांसाठी युरोपात विश्वास-पट्टाच ९०.०० ते १११.११ असा अरुंद ठेवतात.

तरीही डॉक्टरांचा एक मुद्दा उरतो. प्रत्येक जेनेरिकची तुलना मूळ औषधाशी होते, दोन जेनेरिकची एकमेकांशी नाही. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना फरक साठू शकतो. अपस्मारासाठीच्या लॅमोट्रिजिनवर हे तपासले गेले, दोन जेनेरिक आलटून पालटून देऊन. २०१६ साली आलेल्या त्या निष्कर्षांत फरक आढळला नाही. पण ते एका औषधाबद्दलचे उत्तर आहे.

मनोविकारतज्ज्ञांचा आक्षेप जास्त वजनदार होता. नैराश्यावरच्या ब्युप्रोपिऑनच्या सावकाश विरघळणाऱ्या ३०० मिलिग्रॅम गोळीचे एक जेनेरिक अमेरिकेत १५० मिलिग्रॅमच्या चाचणीवरून मंजूर झाले होते. रुग्णांच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या. ३०० वर स्वतंत्र चाचणी झाल्यावर २०१२ मध्ये ते समतुल्य नसल्याचे जाहीर करावे लागले. हे उदाहरण त्यांनी तारखेसकट सांगितले. त्यामुळे 'डॉक्टरांचा गैरसमज' या एका पेटीत सगळे आक्षेप टाकता येईनात.

तोलून पाहिलेले पर्याय

समितीतल्या काहींना 'बदलून देऊ नये' हा चौकोनच काढून टाकायचा होता. तो काढला असता तर ज्यांना खरोखर एकाच उत्पादनावर ठेवायचे असे रुग्ण उघड्यावर पडले असते, आणि डॉक्टरांनी टिपणाच्या रकान्यात ब्रँड लिहायला सुरुवात केली असती. हा पर्याय सोडला.

व्याख्याने ठेवणे सोपे होते. पण ज्ञान वाढल्याने बोट पहिल्या ओळीवरून हलत नाही. हृदयविकाराच्या औषधांवरचा २००८ सालचा एक आढावा इथे आठवावा: तुलनात्मक अभ्यासांत ब्रँड आणि जेनेरिक यांत परिणामाचा फरक दिसला नाही, आणि तरीही त्याच विषयावरच्या ४३ संपादकीयांपैकी २३ जेनेरिकच्या विरोधात होती. पुरावा वाचणाऱ्यांचेही मत पुराव्याच्या मागोमाग जातेच असे नाही.

तिसरा पर्याय पडद्याचा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयांत संगणक आपोआप मूळ नाव निवडेल आणि ब्रँड हवा असल्यास वेगळी खूण करावी लागेल, असा बदल केल्यावर जेनेरिकचे प्रमाण ७५.३ वरून ९८.४ टक्क्यांवर गेले होते. कुणाला पटवून द्यावे लागले नाही. पण या प्रकरणात फक्त एवढे केले असते तर फिजिशियनचा प्रश्न तसाच राहिला असता.

म्हणून चौथा, खरेदीशी जोडलेला पर्याय पुढे आला: काही औषधे कंपनी न बदलता द्यायची. खरेदी विभागाला हे जड गेले. पुरवठादाराला बांधून घेतले की वाटाघाटीची ताकद कमी होते, आणि त्याचा माल तुटला तर पर्याय उरत नाही. शेवटी तिसरा आणि चौथा एकत्र करायचे ठरले.

केलेली कृती

आधी यादी केली. 'कंपनी बदलायची नाही' या यादीत लेव्होथायरॉक्सिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन, लिथियम, टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, वॉर्फरिन. सावकाश विरघळणाऱ्या डिल्टियाझेम, निफेडिपिन आणि थिओफिलिनच्या गोळ्या. आणि इन्हेलर, कारण तिथे औषध सारखे असले तरी यंत्र वेगळे असते आणि श्वास ओढण्याची पद्धत नव्याने शिकवावी लागते. जैविक औषधे, म्हणजे सजीव पेशींपासून बनवलेली, वेगळी ठेवली. त्यांची नक्कल जेनेरिक नसते, आणि त्यांच्या नोंदीत ब्रँडबरोबर बॅच क्रमांकही लागतो. अपस्माराच्या औषधांसाठी ब्रिटनच्या नियामकाची २०१३ ची तीन गटांची विभागणी आधाराला घेतली. पहिल्या गटात फेनिटॉइनसारखी, ज्यांत उत्पादन बदलू नये अशी. तिसऱ्यात लेव्हेटिरॅसिटॅमसारखी, जिथे त्याची गरज सहसा पडत नाही. मधल्या गटातले व्हॅल्प्रोएट आणि लॅमोट्रिजिन डॉक्टरच्या निर्णयावर सोडले.

यादीतल्या औषधांसाठी खरेदी करार किमान एक वर्षाचा केला. कंपनी बदलावीच लागली तर सहा आठवडे आधी डॉक्टरांना यादीसह कळवायचे, आणि लेव्होथायरॉक्सिनच्या रुग्णांना बदलानंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएचची तारीख तेव्हाच द्यायची.

पडद्यावर ब्रँड टाइप केला तरी मूळ नाव समोर येईल अशी जोडणी केली. 'बदलून देऊ नये' चौकोन ठेवला, पण त्याला चार कारणांची निवड जोडली: यादीतले औषध, पूर्वी त्रास झाल्याची नोंद, गोळीतला (औषधाव्यतिरिक्तचा) अपायकारक पूरक घटक, रुग्णाचा आग्रह. 'इतर' मुद्दाम ठेवले नाही. ते ठेवले असते तर सगळे तिथेच गेले असते.

फार्मसीत लेव्होथायरॉक्सिन सुटे देणे बंद झाले. गोळीचे रूप बदलले की पाकिटावर चिकटवायची एक पट्टी छापली: 'गोळीचा रंग किंवा आकार बदलला आहे. औषध आणि ताकद तीच आहे. जुनी गोळी आता घेऊ नका.' शेवटचे वाक्य नंतर जोडले गेले. त्याचे कारण पुढे येते. प्रत्येक डॉक्टरला महिन्यातून एकदा फक्त त्याच्याच खुणांचा तपशील बंद पाकिटात मिळू लागला. प्रतिनिधींच्या भेटी ओपीडीच्या वेळेबाहेर नेल्या आणि सॅम्पल फार्मसीत जमा करायचे ठरले.

काय बिघडले

सर्वांत गंभीर चूक जोडणीत झाली. मेटोप्रोलॉल हे रक्तदाबाचे औषध सक्सिनेट आणि टार्ट्रेट अशा दोन क्षारांच्या रूपात मिळते. एका ब्रँडच्या सावकाश विरघळणाऱ्या मेटोप्रोलॉल सक्सिनेटला संगणकाने नुसत्या 'मेटोप्रोलॉल'शी जोडले, आणि तिथून निवड झाली टार्ट्रेटच्या साध्या गोळीची. सक्सिनेटची ती गोळी दिवसातून एकदा चालते, टार्ट्रेट सहसा दोनदा लागते. दिवसाला एक टार्ट्रेट असे दोन रुग्णांच्या चिठ्ठीवर गेले. फार्मासिस्टने काउंटरवरच हे पकडले, कारण एकीला ती ओळखत होती. नशिबावर अवलंबून राहू नये म्हणून सावकाश विरघळणाऱ्या सगळ्या गोळ्यांच्या जोडण्या नंतर दोघांनी हाताने तपासल्या. हे काम आधी व्हायला हवे होते. नाव जोडताना क्षार आणि विरघळण्याचा प्रकार हे नावाचाच भाग मानावे लागतात.

दुसरी चूक घरी घडली. एका रुग्णाकडे रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनचा जुना ब्रँड शिल्लक होता. नव्या गोळ्यांची स्ट्रिप वेगळ्या नावाची, म्हणून त्याने दोन्ही चालू ठेवले. पायांना सूज आणि उठताना चक्कर घेऊन तो परत आला. त्यानंतर पट्टीवरचे ते वाक्य आले, आणि चिठ्ठीवर पहिले तीन महिने मूळ नावाखाली जुन्या ब्रँडचे नावही छापले जाऊ लागले.

निष्पत्ती

सहा महिन्यांनी 'बदलून देऊ नये'च्या बहुतेक खुणा यादीतल्या औषधांवर आल्या होत्या, म्हणजे जिथे त्या असायला हव्यात तिथे. रक्तदाब आणि आम्लपित्ताच्या चिठ्ठ्यांवरून त्या जवळजवळ नाहीशा झाल्या. ज्या फिजिशियनमुळे खुणा पसरल्या, त्यांनी स्वतः चौकोन वापरणे सर्वांत आधी कमी केले. त्यांचा टीएसएचचा अनुभव खोटा ठरवला गेला नाही, त्याचा माग काढला गेला. हे त्याचे कारण असावे.

सॅम्पल जमा करण्याचा नियम मात्र कागदावरच राहिला.

वेगळे काय करता आले असते

आदेशाआधी औषधांची यादी हवी होती. सगळी औषधे एका वाक्यात बसवल्याने, ज्यांना फेनिटॉइनची काळजी होती त्यांनी पॅरासिटॅमॉललाही विरोध केला. आदेशात ब्रँडेड जेनेरिकचा उल्लेख असता तर निम्मे वाद सुरूच झाले नसते.

कॅल्शियमचा बंद केलेला इशारा तपासाच्या शेवटी सापडला. टीएसएच वाढल्याबरोबर रुग्णाची औषधांची पूर्ण यादी समोर घेणे, हे काम एका मिनिटाचे होते. गोळीच्या कंपनीकडे सगळ्यांचे लक्ष असल्याने ते मागे पडले. आता तोच गट, म्हणजे शोषण अडवणारी कॅल्शियम, लोह आणि आम्लरोधक औषधे, इशाऱ्यांत परत चालू केला आहे आणि बाकीचे कमी महत्त्वाचे इशारे बंद केले आहेत.

चार कारणांत, 'यादीतले औषध' सोडल्यास, 'रुग्णाचा आग्रह' सर्वांत जास्त निवडले जाते. त्यातला खरा आग्रह किती आणि सोयीची खूण किती, हे वेगळे काढण्यासाठी समितीने रुग्णांना विचारले असते तर बरे झाले असते. ते अजून झालेले नाही. बाहेरच्या तज्ज्ञांकडून ब्रँडच्या नावाची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या रुग्णांचा प्रश्नही तसाच आहे. त्यांच्यासाठी सध्या दोन्ही नावे शेजारी शेजारी छापतात.

मनोविकार विभागातल्या खुणा इतर विभागांपेक्षा अजूनही जास्त आहेत. समितीने त्या चिठ्ठ्या तपासल्या. बहुतेक औषधे सावकाश विरघळणारी निघाली, आणि त्या विभागाला काही कळवायचे नाही असे ठरले.